पेठेतली जुनी दुकान-इमारत पाडायची नसेल तर काम कोणत्या क्रमाने करायचं

तालुक्याच्या जुन्या गावांत मुख्य पेठेला अशा इमारती अजून ओळीने उभ्या दिसतात. खाली रस्त्याला लागून दुकान, त्यामागे पेढी किंवा गोदाम, वर माडी, सगळ्यात मागे परसू आणि आड. दर्शनी बाजूला सागवानी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या आणि पाट. बाजूच्या भिंती दीड-दोन फूट जाड. बाहेरून भाजकी वीट किंवा घडीव दगड, आत बरेचदा माती आणि कच्ची वीट. कोकणात वर कौलं, सोलापूर-मराठवाड्याकडे माळवद, म्हणजे लाकडावर माती पसरून केलेलं सपाट छप्पर. मालक बहुधा चार-पाच वारस, भाडेकरू जुना, भाडं नावापुरतं. एखाद्या पावसाळ्यात माडीचा कोपरा खचतो, नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि मागोमाग पाडकामाचा ठेकेदार दारात येतो.

तो पाडून देण्याचे पैसे मागत नाही, उलट वर काही रक्कम देऊ करतो. कारण त्याचं लक्ष लाकडावर असतं. जुन्या खांब-तुळयांचं सागवान, कोरीव चौकटी, दुकानाच्या फळ्या, घडीव दगड या सगळ्याला जुन्या लाकडाच्या वखारीत चांगला भाव मिळतो. म्हणून कोणताही निर्णय घेण्याआधी एका सुताराला घेऊन इमारतीतल्या लाकडाची मोजणी करावी: प्रत्येक खांबाची, तुळईची, कडीची लांबी, रुंदी, जाडी वहीत लिहावी आणि घनफूट काढावेत. आपण नेमकं काय देऊन टाकतो आहोत हे त्या आकड्यावरून कळतं. दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि ही यादी शेजारी ठेवली की चर्चेचा सूर पुष्कळदा बदलतो.

अशी इमारत वाचवण्यात अवघड तंत्र फारसं नाही. काम फसतं ते क्रम चुकल्यामुळे. पहिला पैसा दर्शनी रंगावर, फरशीवर, शटरवर आणि दिव्यांवर जातो. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो, तुळईचं टोक बसतं आणि झालेला सगळा खर्च पुन्हा उखडावा लागतो. आधी कागद, मग पाणी, मग ओझं, मग लाकूड आणि भिंती, आणि शोभा सर्वांत शेवटी.

कागद

भूमि अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा काढावा, नगरपरिषदेतून कर आकारणीचा उतारा घ्यावा आणि तिन्ही जुळतात का ते पाहावं. मिळकत पत्रिकेवर वारसांची नावं लागलेली नसतील तर ते काम पहिलं. त्याशिवाय बँक दारात उभी करत नाही आणि भाडेकराराला अर्थ राहत नाही.

त्यानंतर विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्यावा. पेठेतला रस्ता आराखड्यात रुंद दाखवलेला असतो आणि रुंदीकरणाची रेघ बहुतेक वेळा दुकानाच्या पुढच्या खणातून जाते. इमारत पाडली की नवं बांधकाम त्या रेघेच्या मागे सरकवावं लागतं. म्हणजे पेठेतली सर्वांत मोलाची जागा, रस्त्यालगतचे काही फूट, हातची जाते. केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर आणखी काळजी हवी. स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित आहेत. बंदीच्या पट्ट्यात आधीपासून असलेल्या इमारतीची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, पण पाडून पुन्हा उभारणं दुरुस्तीत बसत नाही.

गिलावा, रंग, कौलं बदलणं यांना सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. तरी नगरपरिषदेला लेखी कळवून पोच घ्यावी. खांब, तुळई, भिंत किंवा जिना हलवायचा असेल तर परवाना लागतो. धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर घाबरून पाडायला होकार देऊ नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, तातडीच्या टेकूंचे फोटो आणि दुरुस्तीचं वेळापत्रक जोडून मुदतीत लेखी उत्तर द्यावं.

पाणी

जुन्या इमारतीचं जवळजवळ प्रत्येक दुखणं पाण्यापाशी जाऊन थांबतं. म्हणून भर पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारावी आणि पाणी कुठून येतं, कुठे पडतं, कुठे साचतं ते कागदावर उतरवावं. कोरड्या दिवसांत केलेल्या पाहणीत अर्ध्या गोष्टी दिसत नाहीत.

छपरापासून सुरुवात करू. मंगळुरी कौलं 1865 साली मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात बनू लागली आणि तिथून कोकणभर पसरली. कौल पालथं करून पाहिलं तर कारखान्याचं नाव किंवा खूण मिळते. ती खूण महत्त्वाची, कारण दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि त्या फटीतून वाऱ्याबरोबर पाणी आत शिरतं. फुटक्या कौलांच्या जागी नवी मिसळून लावण्यापेक्षा जुनी सगळी चांगली कौलं एका उतारावर आणि नवी सगळी दुसऱ्या उतारावर लावावीत. 20 फूट रुंद, 45 फूट लांब इमारतीवर 30 अंशांचा उतार धरला तर छपराचं क्षेत्रफळ साधारण 96 चौरस मीटर भरतं. चौरस मीटरला 15 कौलं म्हणजे सुमारे 1,450. वळचणीचा पुढे आलेला भाग आणि फुटीसाठी दहा टक्के जास्त धरावीत. रिपांचं (कौलं ज्यांच्यावर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर हातातल्या कौलावरून ठरवावं, पुस्तकातल्या आकड्यावरून नाही.

कौलं काढून पत्रे टाकायचा मोह होतो, कारण पत्रा हलका आणि काम लवकर उरकतं. पण कौलांचं छप्पर मुख्यतः स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेलं असतं. पत्र्याला वारा उचलतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर पत्र्यांची किती छपरं उडाली ते सर्वांनी पाहिलं आहे. पत्रा टाकायचाच असेल तर तो जे-हुकांनी वाशांना आणि वासे भिंतीतल्या तुळईला पट्टीने बांधलेले हवेत.

छपरानंतर पन्हळ. दोन इमारतींच्या मधली सामाईक पन्हळ ही पेठेतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. तिची मालकी कोणाची हेच ठरलेलं नसतं, म्हणून ती कोणीच साफ करत नाही आणि दोन्ही घरांची भिंत वरून भिजत राहते. शेजाऱ्याशी बोलून ती निम्म्या-निम्म्या खर्चात बदलणं हा या सगळ्या कामातला सर्वांत फायद्याचा खर्च असतो.

खालचं पाणी रस्त्याचं. दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवा थर पडतो, रस्ता वर चढतो आणि दोन-तीन पायऱ्यांचं जोतं रस्त्याच्या पातळीला येतं. मग पावसाचं पाणी ओट्यावरून आत येतं आणि जोत्याचे दगड कायम ओले राहतात. उपाय साधा आहे: भिंतीला लागून एक फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून त्यात खडी भरायची, तळाला गटाराकडे उतार द्यायचा. खोदताना भिंतीचा पाया उघडा पडू द्यायचा नाही. पाया उथळ निघाला तर चरही उथळ ठेवायचा आणि एका वेळी सहा फुटांहून जास्त लांबी उघडायची नाही.

सिमेंट का नको

जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं, साधारण तीन फुटांपर्यंत. मातीची किंवा चुन्याची भिंत ते पाणी हवेत सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी आणखी वर चढतं, बरोबर आणलेले क्षार गिलाव्याच्या मागे जमतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि विटेचा पापुद्रा गिलाव्यासकट निघतो. मग मालक आणखी कडक सिमेंटचा हात मारतो आणि पुढच्या खेपेला ओल माडीच्या कड्यांपर्यंत पोचते. भिंतीवरच्या चिनीमातीच्या टाइल्स, प्लास्टिक रंग आणि वॉल-पुट्टी हेच करतात. खाली काँक्रीट ओतून चकचकीत फरशी बसवली तर जमिनीतली ओल वाट काढत भिंतीकडेच जाते. त्यापेक्षा वाळू-चुन्यावर बसवलेली शहाबादी फरशी बरी.

सिमेंट काढताना ओलीच्या रेघेच्या वर एक फूट जास्त काढावं. छन्नी हलकी हवी. ब्रेकर मशीन लावलं तर आतली कच्ची वीट ढासळते. बाहेर आलेले पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावेत, पाण्याने धुऊ नयेत, कारण ते विरघळून परत आत जातात. मग भिंत वाळू द्यावी. ओली भिंत महिन्याला जेमतेम एक इंच वाळते असा ढोबळ हिशोब आहे. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली तरी नऊ इंच वाळायला नऊ महिने लागतात. एवढा धीर धरला जात नाही, आणि इथेच सर्वाधिक कामं बिघडतात.

गिलावा चुन्याचा. कळीचा चुना विरवताना चुना पाण्यात टाकायचा. पाणी चुन्यावर ओतायचं नाही. पाणी उकळतं, शिंतोडा डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल, हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली हवीच. विरलेला चुना पाण्याखाली झाकून किमान दोन-तीन आठवडे मुरवावा. जितका जास्त मुरेल तितका तो लोण्यासारखा मऊ होतो. दुकानातली फक्की, म्हणजे तयार चुन्याची पूड, वापरायची झाली तर आधी तपासावी: चिमूटभर फक्कीवर व्हिनेगरचे थेंब टाकले आणि ती जोरात फसफसली, तर तिने हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच शोषला आहे. तिची चिकटण्याची ताकद संपलेली असते.

पहिल्या थराला एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटेची पूड), दोन भाग वाळू. वरच्या थराला एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. चुना वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या भरतो, त्यामुळे एकास तीनचं मिश्रण जवळपास वाळूइतकंच भरतं. 100 चौरस मीटर भिंतीवर 15 मिलिमीटर गिलावा म्हणजे दीड घनमीटर मिश्रण. सांडलवंड धरून पावणेदोन घनमीटर वाळू आणि सुमारे 0.6 घनमीटर मुरलेला चुना लागतो. एक थर 10-12 मिलिमीटरपेक्षा जाड नको. चुना वाळून नव्हे, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घट्ट होतो आणि त्यासाठी थोडी ओल टिकावी लागते. म्हणून दहा-पंधरा दिवस हलका फवारा आणि ओलं गोणपाट. मे महिन्यात हे काम काढलं तर गिलावा घट्ट होण्याआधीच सुकतो आणि हात फिरवला की पूड येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. ज्या भिंती मुळात मातीच्या आहेत त्यांना आतून काड मिसळलेल्या मातीचा गिलावा आणि वर चुन्याच्या पातळ निवळ रंगाचे चार-पाच हात पुरतात.

भेगा बुजवण्याआधी त्या हलत्या आहेत की स्थिर ते पाहावं. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहावी. काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात भेग उघडते आणि पावसाळ्यात मिटते; तो जमिनीचा श्वास आहे, त्यावर सिमेंट भरून उपयोग नाही. पट्टी तुटली आणि भेग दोन्ही ऋतूंत वाढतच राहिली तर पाया पाहावा लागतो. भिंतीला पोट आलं असेल तर मात्र थांबू नये: बाहेरचा दगडी थर आतल्या मातीपासून सुटलेला आहे, त्याला ताबडतोब टेकू लावून, तेवढा भाग उतरवून, आरपार जाणारे दगड घालून परत रचावा लागतो.

ओझं आणि वापर

इमारतीला कोणता वापर झेपेल हे आवडीवरून ठरत नाही. भारतीय मानक आयएस 875 राहत्या खोलीला चौरस मीटरमागे सुमारे 200 किलो, दुकानाला आणि खानावळीला 400, लोक मोकळे उभे राहतील अशा सभागृहाला 500 किलो ओझं धरायला सांगतं. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला त्याहून जास्त. माडी राहण्यासाठी किंवा हलक्या मालासाठी बांधलेली असते. म्हणून माडीवर वकिलाचं, सीएचं कार्यालय, शिंप्याचं काम, पर्यटकांच्या दोन-तीन खोल्या हे बसतं. वाचनालय, व्यायामशाळा, मंगल समारंभ हे वर नको. वाचनालय करायचं तर पुस्तकं खाली आणि वाचायची जागा वर. माडीचा जिना दोन-अडीच फुटी आणि लाकडी, बाहेर पडायची वाट एकच. त्यामुळे चाळीस मुलांचा क्लास ओझ्याच्या हिशोबात बसला तरी आगीच्या हिशोबात बसत नाही. मागच्या बाजूने दुसरा लोखंडी जिना स्वतंत्र पायावर उभा करता आला तर वापराची यादी मोठी होते.

नवं ओझं चढवण्याआधी जुनं उतरवावं. माळवदावर दर वर्षी गळती थांबवायला मातीचा आणखी एक थर पडत आलेला असतो. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार-पाच टन, तेही कोरड्या मातीचं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं हेच जड माळवद जीवघेणं ठरलं. जादा माती उतरवून सहा इंचांवर आणणं आणि खाली पाणी अडवणारा थर देणं यापेक्षा स्वस्त मजबुतीकरण नाही. माती उतरवताना दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी. एका बाजूचं ओझं अचानक गेलं की तुळई पीळ खाते. हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन; ती भिंतीवर न ठेवता परसात स्वतंत्र लोखंडी चौकटीवर बसवावी.

सर्वांत मोठी चूक दर्शनी बाजूला होते. मोठं शटर आणि काच हवी म्हणून मधला खांब काढतात. त्या खांबावर माडीची दर्शनी भिंत आणि छपराचा पुढचा उतार टेकलेला असतो. वर्षभरात तुळई वाकते, माडीच्या खिडक्या लागेनाशा होतात. खांब काढायचाच असेल तर इंजिनिअरने मापलेली लोखंडी तुळई आधी बसवून, तिच्यावर ओझं घेऊन, मगच काढावा. खरं तर जुन्या खणांमध्येच चौकटी बसवून काच लावली तर दुकान उघडं दिसतं आणि खांबही राहतात.

लाकूड

स्क्रू ड्रायव्हरचं टोक लाकडात खुपसून पाहावं, विशेषतः तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आणि तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकलेला खांबाचा पाय. पोकळ आवाज, सहज आत जाणारं टोक, मातीच्या नळ्या या खुणा. ओलावा मोजायचं साधं पिन-मीटर घ्यावं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीची कुज पुढे जात नाही.

टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई बदलायची गरज नसते. तुळईखाली जॅक लावून ओझं उचलायचं. जॅक माडीच्या लाकडी मजल्यावर उभा असेल तर त्याच रेषेत त्याच्याही खाली जमिनीपर्यंत टेकू हवा. वर्षानुवर्षांचा बाक सरळ करायला जाऊ नये, भिंती तडकतात. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून जुन्याच सागवानाचा तुकडा सांध्याने जोडावा आणि दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल लावून आरपार गॅल्व्हनाइज्ड बोल्टने आवळावा. परत भिंतीत बसवताना टोकाखाली दगड आणि तिन्ही बाजूंना बोटभर हवेची जागा. पूर्वीसारखं चुन्यात गच्च बुजवलं की कुज पुन्हा सुरू होते.

वाळवीसाठी भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेत दर फुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात, भोकाला साधारण एक लिटर. परसात आड वापरात असेल तर त्याच्या जवळपास हे औषध अजिबात सोडू नये. आणि ओल थांबवल्याशिवाय औषधाचा उपयोग अल्पकाळच टिकतो.

वायर आणि नळ

वायरिंग पूर्ण नवं करावं. लाकडी पाटांवर उघडी वायर नको, धातूच्या पाइपातून न्यावी. दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच, एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि प्रत्येक मजल्याला 30 मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच. जाड सागवानी खांब आगीत मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर एवढाच जळत आत जातो, पण पातळ पाट आणि कौलाखालच्या रिपा काही मिनिटांत पेट घेतात. त्यामुळे स्वयंपाकाचा गॅस माडीवर नको.

संडास-न्हाणी लाकडी मजल्यावर बांधू नये. ती परसात पक्क्या जमिनीवर बांधावी. एसीच्या पाण्याची नळी भिंतीवर सोडून देतात आणि त्या एका बारीक धारेने वर्षभरात तुळईचं टोक कुजतं. ती थेट पन्हळीत न्यावी. नदीकाठच्या पेठेत, जशी 22 जुलै 2021 ला पाण्याखाली गेलेली चिपळूणची बाजारपेठ, मीटर, मेन स्विच आणि सॉकेट पुराच्या नोंदलेल्या रेघेच्या वर घ्यावेत आणि तळमजल्यावर प्लायवूड न वापरता दगड, चुना, भरीव लाकूड ठेवावं. पाणी ओसरल्यावर हे धुऊन सुकवता येतं. प्लायवूड फेकावं लागतं.

भाडेकरार

कायम राहणारा भाडेकरू असेल तर दुरुस्तीआधी त्याच्याशी लेखी बोलणं करावं: काम चालू असताना तो कुठे बसेल, परत किती जागा मिळेल, भाडं किती वाढेल. तोंडी आश्वासनावर दुकान रिकामं करून द्यायला कोणीही तयार होत नाही आणि त्यात त्याचं चूक नसतं. नवीन वापरासाठी लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 तसं बंधनच घालतो. त्यात चार ओळी जास्त लिहाव्यात: तुळयांना खिळे-हुक ठोकायचे नाहीत, भिंतीला सिमेंट किंवा टाइल्स लावायच्या नाहीत, दर्शनी खांब झाकणारा बोर्ड लावायचा नाही, आणि दर मे महिन्यात कौलं फिरवणं, पन्हळ साफ करणं, गटार मोकळं करणं हे काम कोणाचं व कोणाच्या खर्चाने. मालकाने महिन्याच्या भाड्यातून ठरावीक रक्कम याच कामासाठी वेगळ्या खात्यात टाकावी आणि त्याच कारखान्याची दीडशे जुनी कौलं परसात उभी रचून ठेवावीत, कारण दहा वर्षांनी ती बाजारात मिळण्याची खात्री नसते.